दाजींनी पाहिलेला थेंब

मेडिकल कॉलेजात सायराला शत्रू कुणी नव्हता. शत्रू असायला आधी कुणीतरी दखल घ्यावी लागते. मेसमध्ये ती एकटी जेवायची आणि डिसेक्शन हॉलमध्ये कडेला उभी राहायची. नारूवर संशोधन करायचंय म्हणून ती प्राध्यापकांचे उंबरठे झिजवून आली. एकाने बाळंतपणाच्या वॉर्डचा रस्ता दाखवला. दुसऱ्याने चहा पाजून विषय बदलला. तिसरे तेवढे बरे निघाले.

"तू पनवेलची ना? तिथे दाजी राहतात. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. नारूची अळी शोधून त्यांना दाखव. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून हो म्हटलं, की माझ्या प्रयोगशाळेत तुला जागा."

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली ती हेच डोक्यात घेऊन. नारू तिला पुस्तकात भेटला नव्हता. दारावर मीठ विकायला येणाऱ्या भामाच्या घोट्यातून तो पांढऱ्या दोऱ्यासारखा लोंबताना तिने पाहिला होता. तळ्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे असतात, सायक्लॉप्स. नारूची अळी त्यांच्या पोटात वाढते आणि पाण्याबरोबर माणसाच्या पोटात उतरते. पनवेलच्या कुठल्या तळ्यातून ती येते, एवढंच तिला शोधायचं होतं.

"डाक्टर व्हायला मुंबईला पाठवली," आई आसिया शेजारणीला सांगायची, "आनि ही हितं तळ्यात भांडी बुडवत फिरते."

दाजींची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. खिडकीशी त्यांचा पितळी सूक्ष्मदर्शक मांडलेला असे. त्याला दिवा नव्हता. खालच्या गोल आरशाने खिडकीतला उजेड वर चढवावा लागे. सायरा रोज तळ्याच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवून बाजूला सरे. दाजी चाचपत खुर्चीवर बसत, डोळा लावत, स्क्रू हळूहळू फिरवत आणि बराच वेळ पाहत राहत.

"नाही गं. अळी नाही यात. उद्या पुन्हा आण."

मग चहा. मग जुन्या प्रयोगशाळेच्या गोष्टी. दुसऱ्याच आठवड्यात तिला एका किड्याच्या पोटात वेटोळं हलताना दिसलं होतं. पण दाजी नाही म्हणाले, म्हणून तिने तो थेंब निमूट पुसून टाकला. एवढा मोठा माणूस नाही म्हणतो, तर आपलाच डोळा कच्चा. मैत्रिणी लग्न होऊन पांगल्या होत्या, घरात हे कुणाला सांगण्याची सोय नव्हती. दिवसभरात तिच्या कामाबद्दल तिच्याशी कुणी बोलत असेल तर ते दाजींचं ते 'नाही'च. ती त्याच्यासाठीही जायची.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी वेटोळं पुन्हा दिसलं. या वेळी शंकाच नव्हती. तिने घाईघाईने दाजींना बसवलं. दाजींनी नेहमीसारखा स्क्रू फिरवला, बराच वेळ पाहिलं.

"नाही गं. उद्या पुन्हा आण."

तिला रडूच कोसळायचं बाकी होतं. पुसण्याआधी एकदा पाहावं म्हणून ती वाकली, तर आत मिट्ट काळोख. तिच्याच ओढणीचा धक्का लागून आरसा भिंतीकडे वळला होता.

"दाजी," ती म्हणाली, "आरसा फिरलेला होता. तुम्ही काय पाहिलंत?"

दाजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"दिसत नाही म्हटलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी आली नसतीस. हो म्हटलं असतं, तर ते खोटं ठरलं असतं."

"आणि नाही म्हणालात ते?"

सायराला राग आवरेना. सगळी सुट्टी तिने या माणसाच्या शब्दावर पुसून टाकली होती.

"हा किडा उड्या मारत होता," दाजींनी हळूच विचारलं, "की भांड्याच्या तळाशी बसून होता?"

"तळाशी. का?"

"अळी पोटात असली की त्याला पोहवत नाही. आहे, पोरी. तुला दिसली ती अळीच. मी कळवतो तुझ्या प्राध्यापकाला, स्वतः पाहिली म्हणून."

प्रयोगशाळेतली जागा समोर होती. फक्त मान हलवायची होती.

"पण तुम्ही पाहिली नाहीत, दाजी."

"नाही."

"मग नको."

दाजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, काही उपयोग नसताना.

"तर भांड्याच्या तळाचं पाणी बाटलीत भरून ने. बूच लावू नकोस, गुदमरतील. तोंडाला फडकं बांध. त्याचं त्यालाच बघू दे. दाजी आंधळा झालाय, तेही सांग."

बाटली भरून, तोंडाला फडकं बांधून ती दारापर्यंत गेली.

"उद्या…" दाजी सवयीने म्हणाले आणि थांबले.

"उद्या मी बसमध्ये असेन."

"हो. खरंच की."

राग गेला नव्हता. तरी ती परत आली. आरसा खिडकीकडे वळवला, भांड्यातला नवा थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला.

"एक आहे, दाजी. उड्या मारतोय."

"मग तो नव्हे," दाजी खुर्ची जवळ ओढत म्हणाले. "सोड त्याला. तळाचा घे."