वस्तादांनी दुवा कोणाला दिला

आमचे हे चौदा वर्षं कापूस गिरणीच्या संघाकडून फुटबॉल खेळले. आघाडीला. आमच्या मारी शहराच्या बाजारात अजूनही एखादा म्हातारा यांना पाहून हातातली पिशवी खाली ठेवतो आणि डाव्या पायाने हवेत लाथ मारून दाखवतो. नवऱ्याचं नाव आम्ही बायका तोंडाने घेत नाही, पण लिहायला हरकत नसावी. खोजानेपेस.

यांनी किती गोल केले ते सांगणारे पुष्कळ आहेत. कसे केले ते सांगणारा कुणी नाही, हे स्वतःसुद्धा नाहीत. गुडघा गेल्यावर गिरणीने यांना सरावाला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. एकदा मी डबा घेऊन मैदानावर गेले होते. एक नवा खेळाडू विचारत होता, "आगा, समोरचा अंगावर आला की काय करायचं?"

यांनी बुटाच्या टोकाने मातीत एक रेघ ओढली. मग म्हणाले, "तो येतो ना, तेव्हा तू तिथे नसायचं."

"मग कुठे असायचं?"

"बॉल येणार असतो तिथे."

तो बिचारा डोकं खाजवत गेला. हेही डोकं खाजवत डब्याकडे आले.

या वसंतात जुना कोच सोडून गेला आणि गिरणीच्या साहेबांनी यांना सांगितलं, रविवारच्या सामन्यापासून तूच कोच. हे घरी आले, चहाची वाटी हातात धरली आणि चहा गार होईपर्यंत तसेच बसले.

"अहो, आनंद झाला नाही का?"

"वस्तादांचा दुवा कुठे घेतलाय मी?"

आमच्याकडे दुतार वाजवणारा असो की तंदूर बांधणारा, वस्तादाने ओंजळ उघडून 'जा, आता तुझं तू कर' म्हटल्याशिवाय शिष्य वस्तादाच्या जागेवर बसत नाही. बसला तर काय होतं, ते कुणाला ठाऊक नाही, कारण सहसा कुणी बसत नाही. फुटबॉलला हा नियम लागतो की नाही, तेही कुणाला ठाऊक नाही. पण यांना लागत होता. "दुवा नाही मिळाला तर रविवारी मी कोचच्या बाकावर बसणार नाही," म्हणाले. यांचं एकदा ठरलं की ठरलं.

यांचे वस्ताद खिदिर आगा. यांना पंधराव्या वर्षी वाळवंटातल्या गावातून उचलून फुटबॉलला लावणारे. आता त्र्याऐंशीचे, कालव्याकाठच्या गावात सुनेकडे असतात. गुडघा गेल्यापासून, म्हणजे आठ वर्षं, हे त्यांच्याकडे फिरकले नव्हते.

शुक्रवारी सकाळी वस्तादांना भेट द्यायला झगा, साखर आणि तंदूरमधल्या गरम भाकऱ्या घेऊन आम्ही गेलो. दार त्यांच्या सुनेने, सोल्तान वहिनींनी, उघडलं. बाई बावन्न वर्षांच्या, स्वतः आजी झालेल्या, पण आमच्या रीतीप्रमाणे सासऱ्यांसमोर ओढणीचं टोक दातांत. तीस वर्षांत त्यांच्यापुढे एक शब्द बोललेल्या नाहीत. मीही शिष्याची बायको, म्हणजे सुनेसारखीच. उंबरठा ओलांडताना मीही टोक दातांत धरलं. थोडक्यात, त्या खोलीत बोलू शकणारी माणसं दोनच. एक वस्ताद, आणि दुसरा त्यांचा शिष्य, जो वस्तादांना खोटं पाडत नाही.

म्हातारबाबा दारासमोरच्या मानाच्या जागी लोडाला टेकून बसले होते. यांना पाहताच चेहरा उजळला.

"आलास का बेग्ली!"

बेग्ली यांच्या उजव्या अंगाला खेळायचा. आता तुर्कस्तानात ट्रक चालवतो. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी वहिनींकडे, आणि वहिनींनी छताकडे.

"बस, बस. तुला कोच केलं म्हणे?"

"हो, वस्ताद." काय करणार? केलंच होतं ना.

"बरं केलं. तुझ्या तोंडात शब्द आहेत. त्या खोजानेपेसला मात्र कुणी कोच करू नये. पाय सोन्याचे, पण तोंडात मूग."

यांचे कान तांबडे झाले. "असं का म्हणता, वस्ताद?"

"अरे, ज्याला कडकडून भूक लागते त्याला स्वयंपाक येतोच असं नाही."

एवढं बोलून त्यांनी ओंजळ उघडली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बेग्ली, जा, आता तुझं तू कर. माझ्याहून मोठा हो. ओमिन." दुवा पुरा झाला म्हणून आम्ही सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. दुसरं काही सुचलं नाही.

गाडीत बसल्या बसल्या यांनी विचारलं, "आता मी कोच आहे की नाही?"

"दुवा तुमच्या समोर दिला."

"नाव त्याचं."

"हात तुमच्याकडे होते."

"पण खोजानेपेसला कोच करू नये म्हणाले. ते कोणाला म्हणाले?"

"तुम्हाला."

"मी तर तेव्हा बेग्ली होतो!"

आमच्या गल्लीत तीन म्हातारे आहेत, त्यांनी चार मतं दिली. संध्याकाळी यांनी बेग्लीलाच फोन लावला.

"मला कोच केलं?" बेग्ली ओरडला. "पगार किती?"

"मस्करी करू नकोस रे, माझा जीव जातोय."

"मग घे ना, दिला तुला माझा दुवा. मला इथे टायर हवेत, दुवा नको."

तेवढ्याने भागेल की नाही, हा आणखी एक प्रश्न झाला. रात्रभर हे कुशी बदलत राहिले आणि शनिवारी सकाळी पुन्हा गाडी काढली.

"आलास का बेग्ली!" वस्ताद म्हणाले. या वेळी आधी चहा ओतून घेतला. मग विचारलं, "त्या खोजानेपेसचं काय चाललंय?"

"आहे, वस्ताद. पोरांना शिकवायला बघतो."

"जमतं?"

"नाही."

म्हातारबाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "आठ वर्षं आला नाही माझ्याकडे. मी काय खाणार होतो त्याला?"

"गुडघा गेला ना त्याचा. त्याला वाटत असेल, आता काय तोंड दाखवायचं."

"गाढव आहे! मी त्याचा गुडघा बघायला बसलोय का इथे?"

हे एकदम उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, रडायला गेले. मी आणि वहिनी एकमेकींकडे बघत राहिलो. बाहेर बूट घालण्याचा आवाज आला, मग काढण्याचा. मग दारावर थाप पडली. हे आत आले, मेंढीच्या कातड्याची मोठी टोपी डोक्यावर, दोन्ही हात पुढे.

"सलाम, वस्ताद. मी खोजानेपेस."

म्हातारबाबांनी यांना टोपीपासून पायांपर्यंत न्याहाळलं. माझ्या दातांतलं टोक ओलं झालं.

"उशीर केलास," ते म्हणाले.

"हो, वस्ताद."

"बेग्ली आत्ता इथे होता. कुठे गेला?"

"दारात भेटला. घाईत होता."

"त्याला कोच केलंय."

"मलाही केलंय, वस्ताद."

"दोघांना?" त्यांनी सुनेकडे पाहिलं. वहिनींनी मान वर, खाली आणि बाजूला, तिन्हीकडे हलवली. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं.

"आणि तू पोरांना सांगणार काय?"

"माहीत नाही, वस्ताद. अडलं की बेग्लीला विचारीन."

म्हातारबाबा हसले. चार दात उरलेत, चारही दिसले. "जन्मात पहिल्यांदा शहाणपणाचं बोललास." त्यांनी ओंजळ उघडली. कालचा आवाज मात्र आज नव्हता. ओठ पुटपुटत होते, नेमका बाहेरून ट्रॅक्टर गेला, आणि ओमिनच्या आधीचं मला काहीही कळलं नाही. वहिनींकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या.

कालव्याच्या पुलापर्यंत यांनी गाडी नेहमीसारखी हाकली. मग गाडी हळू केली.

"नाव कोणाचं घेतलं गं? मला ऐकू आलं नाही. तू जवळ होतीस."

ओढणीचं टोक अजून माझ्या दातांतच होतं. मी ते सोडलं.

"तुमचंच," मी म्हटलं. "बापाच्या नावासकट."

यांनी मोठा श्वास घेतला आणि गाडीचा वेग वाढवला. पूल उतरल्यावर म्हणाले, "मग ठीक आहे. आता बेग्लीला फोन लाव. उद्या पोरांना काय सांगू ते विचारू दे."