दुभाषीबुवा आणि पुलाची बोलणी

दुभाषीबुवांना आपल्या भाषेचा भारी अभिमान होता. आपल्या म्हणजे परक्या. स्वतःची भाषा ते चारचौघांसारखीच बोलत; पण समुद्रापलीकडच्या त्या देशाची भाषा अख्ख्या मंत्रालयात एकट्या त्यांनाच येत होती, आणि जिथे दुसरा कुणी धावतच नाही तिथे पहिला नंबर हुकणार कसा? वासरांत लंगडी गाय शहाणी ही म्हण त्यांनाही ठाऊक होती, पण ती दुसऱ्यांसाठी केलेली आहे असा त्यांचा समज होता.

तरुणपणी शिष्यवृत्तीवर ते त्या देशात राहून आले होते. कॉलेजात सगळं इंग्रजीत चाले. तिथली भाषा कानावर पडली ती घरी, एका म्हाताऱ्या विधवेच्या माडीवर भाड्याने राहताना. म्हातारी दिवसभर बोलायची आणि हे ऐकायचे. परत आले ते घडाघडा बोलतच. पुढे तिकडचं कुठलंही शिष्टमंडळ आलं की बोलावणं यांनाच. बुवांनी तोंड उघडलं की पाहुण्यांचे चेहरे एकदम मऊ पडत. कुणी तोंडावर हात धरी, कुणी वाकून बुटाची लेस बांधायला घेई.

"आदर, आदर!" बुवा बायकोला सांगत. "तिकडे जाणकारापुढे असंच खाली बघतात."

बायकोने हे एकदा टीव्हीवरच्या बातम्यांत पाहिलं होतं. "आणि त्यांचे खांदे का हो हलत होते?"

"भारावून," बुवा म्हणाले.

तर असे हे बुवा पुलाच्या बोलण्यांना बसले. पूल खाडीवरचा. खाडीच्या अलीकडे शहर, पलीकडे बंदर, आणि मधल्या पाण्याला वळसा घालून जाता जाता ट्रकवाल्यांचं अर्धं आयुष्य सरायचं. पलीकडचा देश यंत्रं, तंत्रज्ञान आणि हलक्या व्याजाचं कर्ज देणार. इकडून जमीन, दगड आणि माणसं मिळणार. मोटारी वरून, आगगाडी खालून. नकाशे इतके देखणे होते की सचिवसाहेबांनी एक घरी दिवाणखान्यात लावला होता म्हणे.

बोलणी मंत्रालयाच्या मोठ्या सभागृहात सुरू झाली. प्रत्येक बाजूचा आपापला दुभाषी. पाहुण्यांच्या बाजूला एक बाई होत्या, करड्या कोटातल्या, सडपातळ, अतिशय गंभीर. त्या विद्यापीठात जुन्या पोथ्या वाचून इकडची भाषा शिकल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माननीय महोदय, प्रस्तुत विषयी आमुचे मत किंचित भिन्न असे."

इकडचे अधिकारी ओठ चावू लागले. एकाने खोकल्याचं सोंग आणलं. बुवांना बाईंची फार दया आली. बिचारी, त्यांच्या मनात आलं, कुणी सांगतसुद्धा नाही हिला!

सगळं सुरळीत चाललं होतं. गाडी अडली ती देखभालीच्या कलमावर. सचिवसाहेबांचं म्हणणं, पूल बांधून झाला की दुरुस्तीची विद्या आमच्या हवाली करा, पुढचं आमचे लोक बघतील. पाहुण्यांचे मुख्य अभियंता म्हणजे धिप्पाड गृहस्थ, पिकलेले केस, आवाज खडी फोडायच्या यंत्रासारखा. ते म्हणत, आमच्या माणसांशिवाय या पुलाच्या बोल्टालाही कुणी हात लावायचा नाही. दोघेही आपल्या जागी बरोबर होते, आणि दोन बरोबर माणसं समोरासमोर बसली की काय होतं ते लग्न झालेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

बोलणी चिघळली. एका दुपारी वातानुकूलन यंत्राने मान टाकली. शेजारच्या खोलीत जेवण मांडलेलं होतं आणि त्याचा वास दाराखालून येत होता. मुख्य अभियंत्यांनी टेबलावर फाइल आपटली. सचिवसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला.

"सांगा त्यांना," ते बुवांना म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी तूर्त विराम घ्यावा. यापुढे बोलण्यात अर्थ नाही."

बुवांच्या पोटात कावळे ओरडत होते. तशातही त्यांना घरमालकिणीचं एक भारदस्त वाक्य आठवलं. तिचे दोन दांडगे मुलगे भांडायला लागले की ती जिन्यात उभी राहून ते म्हणायची आणि घर चिडीचूप व्हायचं. बुवांनी घसा खाकरला, छाती पुढे काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं ठणकावलं.

मग मुख्य अभियंता उठले. त्यांच्यामागे सगळं शिष्टमंडळ उठलं आणि एका रांगेत थेट बेसिनकडे जाऊन हात धुवायला लागलं.

सचिवसाहेब बघतच राहिले. "बुवा, काय सांगितलंत हो?"

"स्थगन प्रस्ताव मांडला, साहेब," बुवा नम्रपणे म्हणाले.

जेवताना मुख्य अभियंता डोळे पुसत होते आणि शेजाऱ्याला कोपर मारत होते. त्यांनी उठून बुवांच्या पेल्यात स्वतःच्या हाताने पाणी ओतलं. बुवा कृतार्थ झाले. तेवढ्यात करड्या कोटातल्या बाई शेजारी येऊन बसल्या.

"महोदय, क्षमा असावी. आपण मघाशी जे वदलात त्याचा अर्थ आपणांस ज्ञात आहे काय?"

"म्हणजे काय! 'सदस्यांनी तूर्त विराम घ्यावा.'"

"नव्हे," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "'पर्याप्त जाहले, दुष्टांनो. हस्तप्रक्षालन करोनि मुकाट भोजनास बैसा.'"

बुवांनी मनातल्या मनात त्याचं भाषांतर केलं. पुरे झालं मेल्यांनो, हात धुवा नि गपगुमान जेवायला बसा. हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला.

"अशुद्ध आहे का माझी भाषा?"

"अशुद्ध मुळीच नव्हे. अतिशय गोड आहे. परंतु ती आमुच्या पितामहींची आहे. पुरुष असे बोलत नाहीत. सत्तरीच्या अलीकडील स्त्रियाही बोलत नाहीत."

बुवांना एकदम आठवलं. गेल्या वर्षी राजदूतांचं स्वागत त्यांनीच केलं होतं, विमानतळावर, बँडच्या साक्षीने. स्वागताला ते जे म्हणत ते वाक्य त्यांनी भीत भीत बाईंना म्हणून दाखवलं.

"'ये वत्सा, किती रे कृश झालास,'" बाई म्हणाल्या.

राजदूत दोन खुर्च्यांना पुरून उरतील असे होते.

संध्याकाळी घरी येऊन बुवांनी बायकोला सगळं सांगितलं. ती आधी भिंतीला टेकली, मग खाली बसली, मग पदर तोंडात कोंबला.

"हसू नकोस," बुवा म्हणाले.

"मी कुठे हसतेय?" बायको कशीबशी म्हणाली. "भारावलेय!"

बुवा जेवले नाहीत. इतकी वर्षं ज्याला ते दबदबा समजत होते तो सगळा लोकांचा विरंगुळा होता. बाईंकडून त्यांनी येतानाच व्याकरणाचं पुस्तक मागून आणलं होतं. ते उघडून ते बसले आणि सरकारी बैठकीत पुरुषाने कसं बोलावं ते घोकू लागले. उद्यापासून एक शब्द म्हातारीचा काढणार नाही, अशी त्यांनी शपथच घेतली.

दुसऱ्या दिवशी बुवा बोलले ते असं, की शब्दाला इस्त्री आणि वाक्याला टाय. एकही चूक नाही. आज कुणी लेस बांधली नाही, कुणाचे खांदे हलले नाहीत. बुवा मनात म्हणाले, याला म्हणतात आदर. मुख्य अभियंत्यांनी दोन-तीनदा त्यांच्याकडे रोखून पाहिलं, मग शेजाऱ्यांशी कुजबुज केली. सगळ्यांनी फायली मिटल्या आणि ते उठून बाहेर पडले.

"काय झालं?" सचिवसाहेब ओरडले.

बाईंचा चेहरा उतरला होता. "महोदय, त्यांस वाटते की आपण संबंध तोडिले. काल इतुका जिव्हाळा, आणि आज ही न्यायालयाची वाणी. वरून काही आज्ञा आली असावी असा त्यांचा तर्क. त्यांनी विमानतळाकडे जाण्यास वाहन मागविले आहे."

सचिवसाहेब बुवांकडे वळले. "काय बोललात तुम्ही?"

"साहेब," बुवा रडकुंडीला येऊन म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोललो!"

मग आता लपवण्यात काही राम उरला नव्हता. त्यांनी भडाभडा सगळं सांगून टाकलं, राजदूतांसकट. सचिवसाहेबांच्या चेहऱ्यावरून चार-पाच भाव सरकले. "मग तसंच बोला की!" ते शेवटी म्हणाले. "इज्जत तुमची गेलीच आहे, निदान पूल तरी राहू दे!"

नकळत वेडेपणा करणं सोपं. जाणूनबुजून, सगळ्यांदेखत करायचा म्हणजे पाय जड होतात. बुवा पोर्चमध्ये आले. मोटार लागली होती, चालकाने दार उघडून धरलं होतं. बुवांनी डोळे मिटले, म्हातारीला मनात नमस्कार केला आणि तिच्या भाषेत म्हणाले, "कुठे रे निघालास तोंड फुगवून? इकडे ये. बस इथे, आणि सांग मला कुठे दुखतंय."

मुख्य अभियंता थांबले. बुवांकडे बघत राहिले. मग तो धिप्पाड माणूस मोटारीकडे पाठ करून पायरीवर बसला आणि बोलू लागला. आवाजातली खडी कुठे गेली कोण जाणे.

तरुणपणी त्यांनी एका परक्या देशात पूल बांधला होता. घराची किल्ली द्यावी तसा तिथल्या लोकांच्या हवाली करून आले. काही वर्षांनी मुद्दाम बघायला गेले तर रंग उडालेला, लोखंड गंजलेलं, वाहतूक बंद. त्यांच्या नावाची पाटी तेवढी शाबूत होती. "आईशप्पथ सांगतो, आजी," ते म्हणाले, आणि आजी म्हणाल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही, "पुन्हा तसं बघवणार नाही मला."

बुवांनी हे सचिवसाहेबांना सांगितलं. इतके दिवस ते फक्त शब्द इकडचे तिकडे करत आले होते. माणूस काय म्हणतोय ते आज पहिल्यांदाच ऐकत होते.

सचिवसाहेब कडक इस्त्रीच्या विजारीसकट पायरीवर बसले. "त्यांना सांगा, आमचं वीजघर असंच बाहेरच्यांनी बांधलं. एक साधा पंखा बंद पडला तरी त्यांचा माणूस यायची वाट बघत बसायचं. आपल्याच घरात आपण पाहुणे. ते मला पुन्हा नको."

बुवांनी सांगितलं, आपल्या पद्धतीने: घर यांचं, पण चूल पेटवायला शेजारीण यावी लागते रे बाळा, जीव जळतो तो त्याने.

मुख्य अभियंत्यांनी चालकाला मोटारीचं दार लावायची खूण केली. मग म्हणाले, "शिकवतो. पण माझ्या डोळ्यांदेखत. पुलाच्या पायथ्याशी शाळा काढा. माझी माणसं शिकवतील, तुमची शिकतील, आणि ज्याला येईल त्याच्याच हाती पाना."

"कबूल," सचिवसाहेब म्हणाले. हे एवढं बुवांनी भाषांतर करायच्या आधीच समोरच्याला कळलं.

करारावर सह्या झाल्या. सचिवसाहेबांनी भाषणात 'दोन राष्ट्रांमधल्या प्रगल्भ संवादा'चा गौरव केला आणि बुवांनी तो गौरव निमूटपणे भाषांतरित केला. वर्तमानपत्रातल्या फोटोत बुवांचं कोपर आलं. बायकोने ते कातरून ठेवलं.

शाळेचे पत्रे चढले आणि मंत्रालयातून हुकूम आला: पहिल्या तुकडीला पाहुण्यांची भाषा दुभाषीबुवांनी शिकवावी. बुवा तो कागद घेऊन तडक सचिवसाहेबांकडे गेले.

"साहेब, मिशाळ वेल्डर आणि रंगारी शिकून तिकडे कामावर जातील आणि मुकादमाला म्हणतील, ये रे वत्सा. पाप माझ्या माथी येईल. बाईंना नेमा."

बाईंना नेमलं. त्या आनंदाने राहिल्या. वेल्डरांना पहिल्याच दिवशी 'हे सुजनहो' अशी हाक आल्यावर वर्ग जरा बावरला, पण सवय झाली. बुवांनी आपलं नाव विद्यार्थ्यांत घातलं. शेवटच्या बाकावर, गुडघे बाकाला अडत असताना, ते पुरुषासारखं बोलायला शिकू लागले. बाहेर खाडीत खांबांचा पाया ठोकत होते. दर घणाला खिडकीची तावदानं थरथरत आणि वर्ग तेवढा वेळ थांबे.

पहिल्या तोंडी परीक्षेत बुवा नापास झाले. "व्याकरण निर्दोष," बाई म्हणाल्या, "परंतु हेल अद्याप आजीचाच."

मागून एक रंगारी हसला. बुवांनी वळून बघितलं, आणि तेही हसले. आता त्यांचेही खांदे हलत होते. मग त्यांनी वही पुढे ओढली आणि पुढचं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली.