पान नऊवरचा पिवळा झगा

इझोरा टगल आणि अर्लीन बोल्डन यांच्यात साठ वर्षं बोलणं नव्हतं. अलाबामातल्या त्या एवढ्याशा गावात, एकाच चर्चमध्ये जाऊन, हे सोपं नव्हतं. पण दोघीही हट्टाच्या पक्क्या.

गावातल्या काळ्यांना मतदानाचा हक्क मिळवून देणारी म्हणून अर्लीनवर मुलांचं चित्रांचं पुस्तक निघालं. शनिवारी ते वाचनालयात वाचायचं होतं. छोट्या पणतीनं हट्ट धरला म्हणून इझोरा गेली. अर्लीन पुढच्या खुर्चीत, छातीवर फूल लावून बसली होती.

ग्रंथपाल जनेलनं पान नऊ उघडून मुलांना दाखवलं. कोर्टाच्या पायऱ्या, दंडुका उगारलेला शेरीफ, आणि सगळ्यांच्या पुढे पिवळ्या झग्यातली तरणी अर्लीन.

"तो झगा माझा आहे," इझोरा म्हणाली.

"मिस इझोरा, प्रश्न शेवटी घेऊ या?"

"प्रश्न कुठे विचारतेय, पोरी? माझ्या आईनं शिवलेला झगा तो. दंडुका माझ्या डोक्यात बसला. ही बया चर्चच्या तळघरात कोळशाच्या ढिगामागे दडली होती."

अर्लीननं मान वळवली.

"दडले. एकोणीस वर्षांची होते, घाबरले. आणि तुरुंगात आठ दिवस काढून शेरीफच्या कागदावर सही कुणी ठोकली गं? 'या लोकांनी मला फूस लावली' म्हणून? दारोदार वाचून दाखवला त्यानं तो कागद. बारा जणांनी मतदार-नोंदणीचे अर्ज मागे घेतले."

"आईचं काम सुटलं होतं. घरात चार भावंडं उपाशी होती."

"माझं तर पुढे घर जाळलं. मी केली सही?"

पणतीनं इझोराचा हात ओढला. "पणजी, मग पुस्तक खोटं आहे?"

हो म्हणणं किती सोपं होतं! साठ वर्षं त्याच एका 'हो'साठी ती जळत होती.

"हे पान खोटं आहे," ती शेवटी म्हणाली. "पुढचं खरं असेल. मला ठाऊक नाही. मी तेव्हा दाराला कडी लावून घरात बसले होते."

अर्लीननं खुर्ची तिच्याकडे वळवली. "चित्रकाराला पिवळा रंग मीच सांगितला. तुझं नाव घ्यायला मात्र जीभ वळली नाही."

"का?"

"राग येतो तुझा. अजून येतो."

"मग मला काय तुझा पुळका आलाय?"

इझोरा उठली. टेबलावरचं पेन घेतलं, जनेलच्या हातातलं पुस्तक ओढलं आणि झग्याशेजारी वाकड्यातिकड्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं. वाचनालयाचं पुस्तक, पण जनेलनं अडवलं नाही.

"अक्षर तरी नीट काढ," अर्लीन फणकारली. "पोरांना वाचता आलं पाहिजे."

इझोरानं नाव पुन्हा गिरवलं, पेन आपटलं आणि जागेवर येऊन बसली. जनेलनं पान दहा उलटलं. शेवटी टाळ्या वाजल्या तेव्हा इझोराचे हात मांडीवरच होते, पण पुस्तक संपेपर्यंत ती जागची उठली नव्हती.