पदराला लागलेलं भूत

वडगावात राणीच्या घरच्या अंगणात मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. विणकामाचे माग बंद ठेवून माणसं भूत उतरवणाऱ्या भावकू अज्जाचा चमत्कार बघायला जमली होती. पुढं पाटावर माझ्या तिसरीच्या वर्गातली राणी बसली होती. तिच्या मनगटाला हळदीत भिजवलेला पिवळा दोरा होता आणि मिरचीच्या धुरीनं डोळे सुजले होते.

ती त्या पाटावर माझ्यामुळं बसली होती, हे आधीच सांगून टाकतो. राणी वर्गात डबे फेकायची, पोरांना चावायची, बस म्हटलं की बाकावर उभी राहायची. मी तिच्या वहीत सात वेळा लाल शाईनं लिहिलं, "मुलीला आवरा." आता तिचा बाप परशराम आपल्या परीनं आवरत होता.

"पाण्याला कोण फसवणार रं?" म्हणत अज्जानं राणीचा हात तांब्यात बुडवला. दोरा लाल होऊन बाहेर आला. गर्दीनं हात जोडले.

"रगात पिलंय त्यानं! लई जुनं हाय. लिंबवानं दबतंय, पर परत येतंय." त्यानं लिंबू पिळलं, दोरा पिवळा झाला. परत बुडवला, परत लाल. "आज डागल्याबिगर जायचं न्हाय!"

शेगडीत सळी तापत होती. एरवी वर्ग डोक्यावर घेणारी राणी नुसती तिकडं बघत बसली होती.

"आधी माझी परीक्षा करा," म्हणत मी अज्जाच्या ताटातला एक पिवळा दोरा उचलला आणि तांब्यात बुडवला. तोही लाल! मला वाटलं, जिंकलो.

"मास्तरालाबी धरलंय!" अज्जा ओरडला. "पोरगी चावली न्हाय तुला?"

चावली होती. लोक माझ्यापासून दोन पावलं मागं सरले. माझी विज्ञानाची पदवी तिथं काही कामाला आली नाही.

तेवढ्यात राणीची आई जयाबाई उठली. स्वयंपाक करताना तिच्या पदराला हळद लागली होती. तिनं तो डाग बघितला, लेकीच्या हातातला दोरा बघितला आणि पदराचं टोक तांब्यात बुडवलं. पिवळा डाग लाल झाला.

"माझ्या पदरालाबी भूत लागलंय व्हय, अज्जा?" तिनं पदर सगळ्यांपुढं धरला. "हिच्या शाळंच्या कपड्यावरचा आमटीचा डाग साबण लावला की असाच लाल हुतोय. रोज ह्याच हातानं धुते मी. मला कसं कळलं न्हाय!"

कुणीतरी तांब्या उपडा केला. तळाशी पानाला लावायचा चुना निघाला. ज्याचं भूत उतरवायचं, त्याच्यासाठी साध्या पाण्याचा दुसरा तांब्या पाटाखाली होता; त्यात दोरा पिवळाच राहायचा. हळद चुन्यानं किंवा साबणानं लाल होते, लिंबानं परत पिवळी होते. चमत्कार एवढाच होता.

परशरामनं सळी उचलली तेव्हा मी घाबरलो. त्यानं ती बादलीत टाकली आणि लेकीला कडेवर घेतलं.

बेळगावच्या मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी राणीला दोन तास तपासलं. हा वागण्याचा आजार आहे, म्हणाल्या. महिने लागतील, आणि पोरीइतकंच आईबापांना व मास्तरांना शिकावं लागेल.

पुढच्याच आठवड्यात राणीनं परत डबा फेकला. मी ओरडलो नाही, शेजारी जाऊन बसलो. ती म्हणाली,

"सर, माझ्यात भूत न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मग मीच वाईट हाय?"

अज्जापुढं फुटला नव्हता एवढा घाम मला फुटला.

"न्हाय गं. ताप आलेलं पोर वाईट असतंय काय? तुला राग आवरत न्हाय, तो आवरायला शिकायचं. मीबी शिकतोय."

असं पोर तुमच्या घरात असेल, तर त्याला दोरा बांधू नका, डॉक्टरकडं न्या. आणि माझ्यासारखे मास्तर असाल, तर लाल शाईनं लिहिण्याआधी एकदा त्या पोराच्या घरी जाऊन या. मी आठव्या वेळी लिहिण्याऐवजी राणीच्या घरी गेलो. तोवर सळी तापली होती.