नवव्या पानावरचा चिखल

"वाच, पुन्हा वाच," रंगमावशी नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्यानं चष्मा सारखा केला आणि फोनवरचं वाचलं, "'खुनी नवव्या पानावरच कळतो. डॉक्टरच्या बुटावर एवढा लालभडक चिखल! रंग देणाऱ्याला काही अक्कल आहे की नाही? पाचपैकी एक तारा.'"

"आणि खालचं?"

"खालचंही तसलंच आहे. जाऊ दे ना."

"जाऊ दे काय जाऊ दे! चाळीस माणसं माझ्या नावानं खडे फोडतायत आणि म्हणे जाऊ दे!"

आता तिचा राग रास्त की नाही ते तुम्हीच ठरवा. 'रातवा' ही चित्रकथा महिन्याला एक अशी बारा अंक चालली. रातवा म्हणजे ज्याला अंधारातही दिसतं असा, मुखवटा घालणारा महावीर. तो शहरातल्या एका खुन्याच्या मागावर असतो आणि तो खुनी निघतो त्याचाच जिवलग मित्र, प्रेतं तपासणारा डॉक्टर. या सगळ्या पानांना रंग दिले ते आपल्या बाईनं. सव्वीस वर्षं ती हेच काम करतेय, म्हणून कचेरीत सगळे तिला रंगमावशी म्हणतात.

पहिल्या अंकाच्या नवव्या पानावर डॉक्टरच्या बुटाला खुनाच्या जागेचा चिखल लागलेला आहे. बूट तपकिरी, चिखल विटकरी, दोन्हींत नखाएवढा फरक. वाचकाच्या डोळ्यांखालून तो जावा पण ध्यानात राहू नये, आणि बाराव्या अंकात रातव्याला तो बूट आठवला की वाचकानं कपाळावर हात मारावा! त्या एका चिखलासाठी मावशीनं चार दिवस घालवले होते. आणि जमलंही होतं हो. हाच नवरा तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून अकरा महिने पोलीस आयुक्तावर संशय घेत होता. बारावा अंक आला तेव्हा गडी रुसून दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

मग माशी शिंकली कुठे? कागदात. मासिक अंक छापायचे ते खरखरीत, स्वस्तातल्या कागदावर. तो कागद शाई पितो, आणि रंग फिके पडतात. म्हणून मावशी प्रत्येक रंग मुद्दाम दोन छटा भडक द्यायची, कागद त्याला बरोबर जागेवर आणायचा. आता बारा अंकांचा मिळून जाडजूड खंड काढला तो गुळगुळीत, चकचकीत कागदावर. हा कागद शाईचा थेंबही पीत नाही. मावशीनं संपादकाला आधीच सांगितलं होतं, "पंधरा दिवस द्या, सगळ्या पानांचे रंग उतरवून देते." तो म्हणाला, "कशाला मावशी? या कागदावर तर आणखी खुलेल!"

खुललं! चौकातल्या लाल दिव्यासारखा चिखल पेटला बुटावर.

मावशीनं जुना अंक आणि नवा खंड पिशवीत घातला आणि थेट कचेरी गाठली. संपादकाच्या टेबलावरचे गठ्ठे बाजूला सारून तिनं दोन्ही नववी पानं शेजारी शेजारी उघडून ठेवली.

संपादक एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. "दिसतंय मावशी," तो हळूच म्हणाला.

"दिसतंय ना? मग तसं जाहीर लिहा. चूक छपाईची आहे, रंगांची नाही."

"आपल्याच पुस्तकाला आपणच नावं ठेवायची? आणि वाचकांच्या मताशी वाद घालायचा नाही, हा आपला नियमच आहे. ज्याचं त्याचं मत." मग त्यानं पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "वरची मंडळी म्हणतायत, रंगांबद्दल एवढी ओरड आहे तर दुसरा खंड, म्हणजे रातव्याची पुढची गोष्ट, नवीन माणसाकडे देऊ. तुम्ही सध्या गप्प राहा. मी काम तुमच्याकडेच ठेवायला बघतो."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी! आणि वर संन्याशानं ओरडायचंही नाही!"

"मावशी, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

मावशीनं दोन्ही पुस्तकं पिशवीत घातली आणि उठली. घरी आल्यावर तिनं चपला नीट जागेवर ठेवल्या, पिशवी हळूच खुंटीला लावली. ते बघून नवरा जरा घाबरला. ती शिव्या देते तोवर ठीक असतं, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

"फोन आण," ती म्हणाली. "वाचकांची मतं लिहितात ना, तिथंच लिही. मी सांगते." ती सांगत गेली आणि तो एका बोटानं टिपत गेला.

"'मी रंगमावशी. या पुस्तकाला रंग मी दिलेत. ते खरखरीत कागदासाठी दिले होते. चकचकीत कागदावर ते तसेच छापले, मला पुन्हा हात लावू दिला नाही. खुनी नवव्या पानावर कळतो हे तुमचं म्हणणं खरं आहे. हा खंड घेऊ नका. कुणाकडे जुने अंक असतील तर ते मागून वाचा.'"

"तारे किती देऊ?"

"एक."

"अगं, स्वतःच्याच पुस्तकाला?"

"माझं आहे म्हणूनच! दुसऱ्याचं असतं तर दोन दिले असते."

बटण दाबण्याआधी नवऱ्याचं बोट थबकलं. "दुसरा खंड जाईल हं हातचा."

"ठाऊक आहे. दाब."

अक्कल काढणाऱ्या त्याच माणसानं दुपारी खाली लिहिलं, 'माळ्यावरून जुना अंक काढला. चिखल कुठे आहे हे माहीत असूनही शोधायला वेळ लागला. मावशी, शब्द मागे घेतो.' त्याच्याखाली कुणीतरी विचारलं, दुसरा खंड कुठल्या कागदावर काढणार? मग तोच प्रश्न आणखी दहाजणांनी विचारला. मावशीनं पदरानं नाक पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "काही नाही, सर्दी झालीय."

तेवढ्यात संपादकाचा फोन आला.

"मावशी, काय करून बसलात हे! आत्ताच्या आत्ता काढून टाका. नाहीतर दुसऱ्या खंडाचं मी काही म्हणजे काही करू शकणार नाही."

सव्वीस वर्षांचं काम होतं ते. पण आवाज तिनं अगदी गोड ठेवला.

"अहो, असं कसं काढू? वाचकाचं मत आहे ते. त्याच्याशी वाद घालायचा नाही, हा आपला नियमच आहे ना?"