पारापासून वरचा चढ

धम्मपालला दम म्हणून नव्हता. चहा फुंकर न घालता प्यायचा आणि मग दिवसभर भाजलेल्या जिभेला शिव्या घालायचा. अशा माणसाने वेल्डिंगचा धंदा धरावा, हेच नवल.

तळोज्यातल्या त्याच्या गाळ्यात आठ महिने वडिलांची, शिवरामची, जुनी पद्मिनी उभी होती. शिवरामने ती तीस वर्षं चालवली, आधी टॅक्सी म्हणून, मग घरची गाडी म्हणून. दर मे महिन्यात ती रत्नागिरीकडे गावी जायची आणि दर वेळी गावातल्या पारापाशीच थांबायची. बौद्धवाडी वर टेकाडावर, आणि रस्ता तिथवर कधी आलाच नाही. आता शिवरामचे गुडघे गेले होते. बाबांना एकदा तरी ह्याच गाडीतून घराच्या दारात उतरवायचं, हे धम्मपालने डोक्यात घेतलं होतं. त्यासाठी जिप्सीचे दोन्ही अॅक्सल आणले, चारही चाकांना ओढ देणारा गिअरबॉक्स आणला, आणि चौकोनी पाइपांची नवी चेसिस उभी केली. पारापर्यंत टेम्पोतून न्यायची, पुढचा चढ गाडी स्वतः चढणार.

चेसिस झकास झाली. माशी शिंकली ती शनिवारी. बाबा रविवारी बघायला येणार, म्हणून ह्याला कोण घाई! पद्मिनीला मुळात वेगळी चेसिस नसते. सगळा भार पत्र्याची बॉडीच घेते. म्हणून तळाचा पत्रा कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप मारून बॉडी ताठ धरायची असते. हे त्याला पाठ होतं. डबा घेऊन आलेल्या बायकोने, क्रांतीने, विचारलंसुद्धा, "पाइप मारले का?"

"नंतर मारतो, दोन मिन्टाचं काम हाय," म्हणत त्याने ग्राइंडर चालू केला. बॉडी चेसिसवर ठेवली तेव्हा ती मधोमध खचली होती. चारातलं एकही दार लागेना. डबा तसाच घरी परत गेला.

रविवारी शिवराम कामोठ्याहून रिक्षाने आला. गाडीभोवती एक फेरी मारली, दार तीनदा ढकलून पाहिलं आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसला. धम्मपाल मात्र सुटलाच. पाना या हातातून त्या हातात, स्वतः गाडीच्या या बाजूने त्या बाजूला.

"आठ दिवस द्या बाबा. जॅकवर उचलतो, पाइप मारतो, टेन्शन नाय. यंदा तुमी पारापाशी उतरायचं नाय. डायरेक्ट दारात."

शिवरामने स्टिअरिंगवरून हात फिरवला. "वाडीतली पोरं तेवापन म्हनायची, दोर लावून ओडतो वर. धा जन होते. मीच नको म्हनायचो."

"का?"

"वर नेली तर बगनार कोन? माज्या बापाला त्या पारासमोरनं चपला हातात घेऊन जावं लागायचं. मी तितं गाडी लावायचो. मुद्दाम. चार दिवस."

धम्मपालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग आदी बोलायचं ना! आठ महिने मी इतं मरतोय, आनि तुमाला वर जायचंच नवतं?"

शिवराम समोरच्या काचेतून बघत राहिला. "आये म्हनायची, येकदा दारात आन. तिला चढ उतरवत नवता. मी म्हनायचो, रस्ता नाय, पुडल्या साली बगू. दर साली त्येच. ती हिच्यात बसलीच नाय कदी."

आजीला, जाईबाईला, जाऊन अकरा वर्षं झाली होती. वरच्या घराला कुलूप होतं. धम्मपालचा राग कुठल्या कुठे गेला. बापाची दया आली आणि आपण ओरडलो याची लाज वाटली.

"आता वर कोन नाय बाबा," तो हळूच म्हणाला.

"नसू दे. तिच्या उंबऱ्यापुडं लाव. ओडून आनता येत होती, ह्ये मला तिला सांगायचं हाय."