बेचाळिसाव्या खिळ्यावरचा आरसा

या, असे पुढे सरकून बसा. पखवाजाला कणीक लावणं चाललंय, बुवांचा चहा अजून व्हायचाय; तोवर एका झांजवाल्याची गोष्ट ऐका. गोष्ट देवळातली नाही, कारखान्यातली आहे. पण ऐकाल तर कीर्तनाला बसता तशाच मनाने ऐका.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये हत्यारं सांभाळणाऱ्या लवू परबाने बेचाळीस नंबरच्या खिळ्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. खिळा रिकामा होता. हत्यारांच्या त्या फळीवर प्रत्येक हत्यारामागे त्याची सावली काळ्या रंगात काढलेली असे. हातोडीमागे हातोडीची, पक्कडीमागे पक्कडीची. बेचाळिसाव्या खिळ्याखालची सावली होती लांब दांडीच्या, रुपयाएवढ्या आरशाची. आरसा नव्हता. हत्यार नेणारा माणूस आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवून जातो, तोही नव्हता.

साडेचारचा भोंगा होऊन गेला होता. अंधेरीच्या त्या शेडमध्ये विमानाच्या दारांच्या चौकटी बनत. साल ब्याऐंशी. परदेशातल्या कंपन्यांनी नवी विमानं घेणं थांबवलं, तिकडून तार आली, आणि इकडे सकाळी फाटकावर एकतीस नावांची यादी लागली. हत्यारं जमा करायची, बिल्ला द्यायचा, साहेबांच्या सहीचा दाखला घ्यायचा आणि घरी जायचं.

लवूचं नाव यादीत नव्हतं. फळी सांभाळायला कोणीतरी हवंच होतं.

"दुसरी यादी दिवाळीनंतर," मॅनेजर कर्णिकसाहेब त्याला खाली मान घालून म्हणाले होते. "तुझं बघू तेव्हा."

फळी भरल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, हा तिथला नियम. एखादं हत्यार चौकटीच्या पोटात राहून गेलं आणि ती चौकट आभाळात गेली तर? त्या भीतीपायी लवूने मागे एकदा दिवाळीच्या आदल्या दिवशीही माणसं थांबवून ठेवली होती.

"लवूशेठ, सोड ना यार," स्टोअरच्या खिडकीशी उभा असलेला, यादीतला चंद्रप्रकाश म्हणाला. "नोकरी घेतलीत, आता आरसापण आम्हीच शोधून द्यायचा? साहेबाला थोबाड बघायचंय का स्वतःचं?"

दोघेतिघे हसले.

"गहाळ म्हणून लिहून टाक!" कर्णिकसाहेब केबिनच्या दारातून ओरडले. "ट्रक उभाय बाहेर."

"साहेब, ट्रकमध्ये चढणाऱ्या चौकटीतच राहिला असला तर?"

विद्याधर कर्णिक वाईट माणूस नव्हे. सकाळपासून त्यांनी डबा उघडला नव्हता.

"मग खोला," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

आणि ज्यांना उद्या यायचं नव्हतं, तेच सगळे कामाला लागले. कोणी दिवा ओढत आणला, कोणी बाकड्यांखाली झाडू फिरवला. शेवटची चौकट खोक्यातून बाहेर निघाली, ती इतक्या जपून की बघणाऱ्याला वाटावं, पाळी आत्ताच सुरू झालीय.

यादीतलाच कुंडलिक राऊळ तेवढा जागचा हलला नाही. आपल्या गोष्टीतला झांजवाला तो हाच. जोगेश्वरीच्या चाळीत एकादशीला बुवांच्या मागे उभा राहायचा. शेडमध्ये तो रिव्हेट ठोकायचा, आणि लवू, स्वतःची बोटं मशीनमध्ये जाऊन स्टोअरमध्ये बसायची वेळ येईपर्यंत, पत्र्याच्या पलीकडे ठोका पेलायला ठोकळा धरायचा. मधे पत्रा असल्यावर एकमेकांचं तोंड दिसत नाही, त्या आवाजात बोललेलंही ऐकू येत नाही. मग लवू ठोकळ्याने वाजवून सांगायचा. एक ठोका म्हणजे बसला, पुढे चल. दोन ठोके म्हणजे अजून हाण. तीन म्हणजे चुकलं, काढून टाक. अकरा वर्षं दोघांचं बोलणं हे एवढंच, आणि एवढ्यात सगळं.

आज खिडकीशी गर्दी फार, म्हणून कुंडलिक दुपारपासून आत येऊन लवूला हत्यारं टांगू लागला होता.

चंद्रप्रकाशने चौकटीवरच्या पहिल्या रिव्हेटवर ड्रिल टेकवलं. त्याबरोबर कुंडलिक पुढे झाला आणि त्याने पत्र्यावर पंजा पसरून ठेवला.

"खोलू नको. आत नाही तो."

"तुला रे काय माहीत?"

कुंडलिकने पंजा काढला नाही. फटीत आरसा घालून पाहिल्याशिवाय ज्याने कधी एका रिव्हेटला बरं म्हटलं नाही, तो न बघता सांगत होता. लवूने त्याच्याकडे पाहिलं. आज एकादशी, म्हणून झांजांची पिशवी डब्याबरोबर आणलेली. तिची नाडी कुंडलिक बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता.

"थांबा रे!" लवू म्हणाला. "माझ्या टेबलाखाली बघितलंच नाही मी. तुम्ही हात धुऊन घ्या सगळे."

माणसं नळाकडे गेली. कुंडलिक खिडकीशी आला. पिशवीत हात घालून त्याने दोन झांजांच्या मधे ठेवलेला आरसा काढला आणि खिडकीच्या फळकुटावर पालथा ठेवला.

"दादा, ह्या काय?" लवू हळूच म्हणाला.

"फळी भरली की संपला मां सगळा. म्हटलंय, वायच रवांदे रिकामी."

"मालनवैनीक सांगलास?"

कुंडलिकने नकारार्थी मान हलवली. "कीर्तनाक येतली ती. थंय सांगतलंय."

लवूने रजिस्टर पुढे ओढलं. 'कुठे मिळाले' असा एक रकाना होता. तिथे खरं लिहिलं असतं तर साहेबांना दाखल्यावर चोरीचा शेरा मारावा लागला असता, आणि मग अंधेरीपासून मुलुंडपर्यंत एकाही शेडने कुंडलिकला दारात उभं केलं नसतं. लवूने लिहिलं: 'स्टोअरकीपरच्या टेबलाखाली. चूक स्टोअरकीपरची.' खाली सही केली. कुंडलिक ते पलीकडून, उलट्या बाजूने वाचत होता.

कर्णिकसाहेब आले. वाचून त्यांनी चष्मा काढला.

"लवू, हेच लिहायचंय तुला? दिवाळीनंतर वरचे लोक यादी करायला बसले की पहिलं हे पान उघडतील. मग मला काही करता येणार नाही."

"जे झालं ते लिहिलं, साहेब."

साहेबांनी उगाच आरशाची दांडी पुसली. मग कुंडलिकच्या दाखल्यावर 'वर्तन उत्तम' असं लिहून सही केली.

एकेक बिल्ला फळकुटावर पडत गेला. चंद्रप्रकाश जाताना म्हणाला, "चल लवूशेठ, फळीला आमचा रामराम सांग." कुंडलिक सगळ्यात शेवटी. त्याचा सतरा नंबर झिजून बोटालाच कळण्याइतका उरला होता. बिल्ला ठेवला तरी तो हलेना. लवूने आरसा बेचाळीस नंबरच्या खिळ्यावर टांगला आणि खिडकीची लाकडी झडप ओढून घेतली.

पलीकडून झडपेवर आवाज आला. ठक. ठक. ठक.

रजिस्टर उघडंच होतं. शाई अजून ओली होती, पेन हाताशी होतं. लवूने त्या पानाकडे पाहिलं. मग त्याने सतरा नंबरचा बिल्ला उचलला आणि त्याच्या कडेने झडपेवर वाजवलं.

एकदाच.

मग पिशवीतल्या झांजा किणकिणत फाटकाकडे गेल्या.

आले, बुवा आले, नीट बसा. झांजवाला तर समोरच उभा आहे, त्याला तुम्ही विसरणार नाही. पण चाळीवरून विमान खाली उतरतं आणि आपल्या छपराचे पत्रे थरथरतात ना, तेव्हा पत्र्याआडच्या त्या लवू परबाची आठवण ठेवा. दिवाळीनंतरच्या यादीत तो कितवा होता, ते मात्र कुंडलिकसमोर विचारू नका.